गॉगलमामा आणि रेशमाचा डोळा

गॉगलमामा डोळ्यांवरचा काळा गॉगल कधी काढत नसत. दुपारी नाही, दिवेलागणीला नाही, वरातीत जनरेटर बंद पडून सगळी गल्ली काळोखात गेली तरी नाही. गॉगल तरी कसला, तर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात तो, बाजूंनीही झाकलेला, जाड प्लास्टिकचा. वर तुऱ्याचा फेटा, अंगात सोनेरी काठाचा लाल कोट आणि हातात पांढऱ्या घोडीचा लगाम. उल्हासनगरात घोडीवर बसून ज्यांची लग्नं झाली त्यांनी आपापले अल्बम उघडून बघावेत, नवरदेवाच्या गुडघ्याशी हा गॉगल सापडेलच. फोटोग्राफर ओरडायचे, "मामा, साइडला व्हा!" मामा लगबगीने साइडला व्हायचे ते नेमके कॅमेऱ्यासमोर.

"ऑपरेशन झालंय ना, उजेडाचा त्रास होतो," असं ते सांगायचे. कुणी न विचारता सांगायचे. आम्हीही माना डोलवायचो. एवढा जाड पुरावा नाकावर असताना संशय कोण घेणार?

मामांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, घोडीवर बसलेली आणि अजून न बसलेली. स्वतः मामा दुसऱ्या प्रकारातले, कारण त्यांनी लग्नच केलं नव्हतं. घोडीवर बसला की तो साहेब, मग तो बँकेतला मॅनेजर असो नाहीतर जीन्सला बटणं ठोकणारा कारागीर. नवरदेव चढायला लागला की मामा घोडीच्या कानाशी जाऊन म्हणत, "थांब बाई, साहेब बसतायत." एवढ्यावर ती घोडी, रेशमा, जागच्या जागी खिळायची. आमच्याकडचे नवरदेव काही हलके नसतात. शेरवानी, तलवार, पुढ्यात भोकाड पसरलेला भाचा, एवढा पसारा घेऊन माणूस चढतो. एक तर इकडून चढला आणि तिकडून उतरला. रेशमाचा कान हलला नाही. सगळं जागेवर बसलं की मामा हळूच म्हणत, "साहेब बसले. चल." मग पहिलं पाऊल पडायचं.

या शांतपणावरच रेशमाचं नाव होतं. तिच्या पायाशी फटाक्यांची माळ लावा, तिच्या नाकासमोर नवरदेवाचे मित्र रस्त्यावर लोळून नाचू देत, ही आपली देवळातल्या मूर्तीसारखी. "संस्कार आहेत बाईसाहेबांचे," मामा छाती फुगवून सांगायचे.

माझा दवाखाना अंबरनाथ पूर्वेला. कुत्री, मांजरं, अधूनमधून एखादा चावरा पोपट. घोड्याला शेवटचा हात लावला तो कॉलेजात असताना, आणि तोही त्याने फारसा लावू दिला नव्हता. एका सकाळी दवाखान्याच्या दारात ही घोडी उभी. मागे रिक्षांची रांग, सगळे हॉर्नवर हात ठेवून. आत एका बाईंचा पामेरियन सोफ्याखाली शिरला तो निघेना. मामा दारातूनच म्हणाले, "म्याडम, बाईसाहेबांच्या डोळ्यातून पाणी येतंय. रडतायत का आजारी आहेत, तेवढं बघून सांगा."

माझा स्वभाव तसा तिरसट. पण त्या डोळ्यावर बॅटरी मारली आणि माझी जीभ जागेवर राहिली. उजवा डोळा कधीचाच आक्रसून गेलेला. डावा सुजलेला, दुखरा, घट्ट मिटलेला. पापणी उचलली तर बाहुली वेडीवाकडी चिकटलेली आणि आतल्या भिंगावर दुधावर साय धरावी तसा मोतीबिंदू. घोड्यांच्या डोळ्यांत आतून अशी सूज येते. येते, जाते, पुन्हा येते, आणि जाताना दर वेळी डोळ्यातलं थोडं काहीतरी घेऊन जाते.

"मामा, हिला दिसत नाही," मी म्हटलं. "उजव्याने काहीच नाही. डाव्याने उजेड आणि अंधार, बस."

"काहीतरीच! मग ही चालते कशी?"

"ते तुम्ही सांगा."

मामांनी घोडीच्या मानेवरून हात फिरवला. मग लगामाकडे बघत म्हणाले, "माझ्या आवाजावर." संस्कार वगैरे काही नव्हते हो. बिचारीला दिसतच नव्हतं, मग घाबरणार कशाला?

डावा डोळा तरी वाचवायचा तर आधी सूज उतरवायला हवी होती. मी पोटातून द्यायचं औषध दिलं आणि डोळ्यात घालायचे थेंब दिले. मामांनी बाटली कपाळाला लावली. पुढच्या वेळी मी त्यांच्या तबेल्यात गेले तर बाटली रिकामी आणि डोळा होता तसाच लाल. मला संताप आला. "घालून दाखवा बघू माझ्यासमोर," मी म्हटलं. मामांनी नवी बाटली उघडली, एक हात घोडीच्या कपाळावर ठेवला, "थांब बाई," म्हणाले आणि मोठ्या आत्मविश्वासाने सगळे थेंब तिच्या गालावर सोडले.

मी म्हटलं, "मामा, गॉगल काढा."

"उजेड..."

"काढा म्हणते ना!"

तेव्हा त्यांचे डोळे मी पहिल्यांदा पाहिले. दोन्हींत मोतीबिंदू. चांगला पिकलेला, टपोरा. ऑपरेशन सोडा, त्या डोळ्यांना कुणी बोटही लावलेलं नव्हतं. मग सगळं बाहेर आलं. मामा मोतीबिंदूच्या मोफत शिबिरात गेले होते. तिथल्या कुणा उत्साही माणसाने गर्दी आवरावी म्हणून गॉगल आधीच वाटले. मामांनी गॉगल घातला, रांगेत बसले, आतून बाहेर येणाऱ्या माणसाच्या डोळ्यावरची पट्टी पाहिली आणि चप्पल हातात घेऊन घरी आले. "मी नाही थांबलो म्याडम," मामा म्हणाले. "डोळ्यात सुई घालतात हो ती माणसं." म्हणजे ती आंधळी घोडी यांच्या आवाजावर चालत होती आणि हे धूसर गृहस्थ तिच्या पाठीवर हात ठेवून चालत होते. आणि या दोघांच्या भरवशावर उल्हासनगरातले नवरदेव मांडवात पोचत होते!

तबेल्याला लागून जीन्स शिवायचा कारखाना होता. तो चालवणारी सिंधी बाई, तिला सगळे भाभीच म्हणत, आमचं बोलणं खिडकीतून ऐकत होती. ती बाहेर आली, तिने मामांच्या हातातून बाटली काढून घेतली. "साईं, तुम बाजू हटो. सुई में धागा मैं रोज डालती हूं, ये तो इतनी बड़ी आंख है." त्या दिवसापासून थेंब भाभीने घातले. सूज उतरू लागली, रेशमा डोळा उघडू लागली.

मुंबईत जनावरांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया करणारे माझे एक सीनियर आहेत. ते येऊन डोळा तपासून गेले. म्हणाले, मोतीबिंदू काढता येईल, पण असा सुजणारा डोळा भरवशाचा नसतो. सूज पूर्ण जायला हवी आणि काही महिने शांत राहायला हवी. घाईने हात लावला तर आहे तोही डोळा जाईल. मी मामांना सोप्या शब्दांत समजावलं. बुबुळाच्या कडेला बारीक छेद द्यायचा, आत नळी घालायची, तिच्या टोकाच्या कंपनाने मोतीबिंदूचा चुरा करायचा आणि तो शोषून घ्यायचा.

"म्हणजे डोळ्यात मिक्सर लावणार?" मामा उभेच राहिले. "नाही. नको. आमचं आहे ते चाललंय."

मी रागाने निघून आले. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आत मामा पायरीवर बसलेले. म्हणाले, "रात्रभर विचार केला. मी पळालो ते ठीक आहे, मला तोंड आहे. 'अहो, हात धरा,' असं कुणालाही म्हणतो. ती कुणाला म्हणणार? भीती मला वाटते, आणि आंधळं तिने राहायचं? हे काय बरोबर नाही." मला भरून आलं, पण मी तसं दाखवलं नाही. उलट संधी साधली. "एका अटीवर," मी म्हटलं. "तिला दिसायला लागलं की तुमचा नंबर." मामांनी झटकन हो म्हटलं. एवढ्या झटकन, की ही वेळ कधी येणारच नाही अशी त्यांची खात्री असावी.

तुळशीचं लग्न लागलं, मोसम सुरू झाला. धूळ, धूर, दिवे यांपासून डोळा जपायचा म्हणून मामांनी एकही वरात घेतली नाही. कुणी शेठ आले की सांगायचे, "बाईसाहेब रजेवर आहेत." डोळा छान शांत झाला. आणि एके दिवशी भाभीचा फोन आला, डोळा परत लाल! जाऊन बघते तर तबेल्यात मिरच्यांचा ठसका. झालं होतं असं की, येणारीजाणारी माणसं म्हणू लागली, "वा, रेशमाचा डोळा काय सुंदर झालाय!" एवढं कौतुक ऐकल्यावर मामांना चैन पडेना. त्यांनी मीठ, मोहरी, मिरच्या घेऊन घोडीची दृष्ट काढली. दर वरातीनंतर काढायचेच, पण तेव्हा शेगडी पायाशी असायची. या वेळी दृष्ट डोळ्याला लागलेली, म्हणून शेगडी उचलून थेट डोळ्यासमोर धरली. धूर गेला, डोळा चुरचुरला आणि रेशमाने तो खांबावर घासघासून घासला.

मी कपाळावर हात मारला. इतक्या महिन्यांची वाट पाहणं पाण्यात! "आता पुन्हा पहिल्यापासून," मी ओरडले. मामा खाली मान घालून ऐकत होते. शेवटी हळूच म्हणाले, "पण म्याडम, मिरच्या किती तडतडल्या माहितीय? केवढी दृष्ट होती!" मग तह असा झाला की दृष्ट काढायची, पण निखारे नाहीत, मिरच्या सरळ गटारात टाकायच्या. मामांना ते पटलं नाही. "तडतडल्याच नाहीत तर लागली होती की नाही ते कळणार कसं?" असं ते पुढे कितीतरी दिवस भाभीला विचारत होते.

पुन्हा थेंब, पुन्हा वाट पाहणं. अखेर सीनियरांनी यंत्रं लावून डोळ्याचा आतला पडदा तपासला, तो शाबूत निघाला. मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं, "सूज पुन्हा कधीही येईल. नजर आली तरी किती टिकेल ते सांगता येणार नाही." मी मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "साहेब लोकांची लग्नंसुद्धा किती टिकतील सांगता येतं का? म्हणून काय वरात काढायची नाही?"

मुंबईत सीनियरांकडे ऑपरेशन नीट झालं. पण घोड्याच्या बाबतीत खरी धास्ती असते ती भूल उतरताना. अर्धवट शुद्धीत ते उठायला बघतं, धडपडतं आणि पाय मोडून घेतं. गाद्या लावलेल्या खोलीत रेशमा आडवी होती, आम्ही दाराबाहेर. तिने मान उचलली, पुढचे पाय झाडू लागली. फार लवकर होतं. सीनियरांचा चेहरा उतरला. तेवढ्यात माझ्या शेजारून दाराच्या फटीतून आवाज गेला, "थांब बाई. साहेब बसतायत."

रेशमाने मान खाली ठेवली. मामा तसेच फटीला तोंड लावून बोलत राहिले. साहेब जरा जाडे आहेत. साहेबांची मोजडी निसटली. साहेबांचा भाचा रडतोय. असे किती साहेब त्यांनी बसवले कोण जाणे. घशाला कोरड पडली तरी थांबले नाहीत. सीनियरांनी मानेनेच हो म्हटलं तेव्हा मामा म्हणाले, "साहेब बसले. चल." आणि ती उठली. एकदा लटपटली, मग चारही पायांवर उभी राहिली. माझा जीव भांड्यात पडला. मामा भिंतीला टेकून खाली बसले आणि गॉगलच्या आतून रडले.

घरी आल्यावर डोळ्याला कशाचा धक्का लागू नये म्हणून भाभीने जाड जीन्सच्या कापडाची झापड शिवली. दुहेरी शिलाई, पितळी बटणं, मागे लेबल. औषध घालायची बारीक नळी पापणीतून काढून आयाळीत गुंफलेली होती, तिच्यासाठीसुद्धा खिसा. रस्त्यातून जाणारी पोरं मोबाइलवर फोटो काढायची. अशी फॅशनेबल पेशंट मला पुन्हा मिळाली नाही.

पुढच्या मोसमात एका शेठनी हट्टच धरला, मुलाची वरात रेशमावरच काढायची. डोळा शांत होता, मी हो म्हटलं आणि काळजीपोटी स्वतःही गेले. साहेब बसले. बँड सुरू झाला. दिव्यांची झुंबरं डोक्यावर घेतलेल्या बायका दोन्ही बाजूंना, मित्र रस्त्यावर लोळतायत, वरून घरघरत ड्रोन खाली आला. रेशमाने मान वर केली. ड्रोनकडे पाहिलं, दिव्यांकडे पाहिलं, लोळणाऱ्या मित्रांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. इतकी वर्षं आपण हे करत होतो? मग ती अजिबात न बिथरता वळली आणि साहेबांना घेऊन परत निघाली. बँडवाल्यांना वाटलं रस्ता बदलला, तेही मागे. मांडवाऐवजी वरात नवरदेवाच्याच दारात! आईने दार उघडलं तर समोर मुलगा.

शेठ धावत आले. "साईं, ये क्या है?"

"शेठ, पहले इसको दिखता नहीं था, इसलिए जाती थी," मामा म्हणाले. "अब दिखता है."

शेठ पोट धरून हसले. "अरे, मेरी शादी में ये घोड़ी कहां थी?" साहेब मांडवात रिक्षाने गेले. मामांचा धंदा त्या रात्री संपला, हे त्यांनाही कळलं होतं. पण लाल कोटातला हा माणूस भर रस्त्यात माझा हात धरून नाचत होता. "दिसतंय हिला, म्याडम! दिसतंय!"

"मग आता तुमचा नंबर," मी म्हटलं. नाच थांबला.

बरेच महिने त्यांनी सबबी सांगितल्या. शेवटी मी आणि भाभीने दोन्ही बाजूंनी धरून अंबरनाथच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. थोड्या वेळाने आतून नर्स आली. "तुमचे पेशंट टेबलावर सारखे उठून बसतायत. जरा आत या." मला टोपी, गाऊन चढवला. मामा हिरव्या कापडाखालून पुन्हा उठू बघत होते. मी त्यांच्या कानाशी गेले. "थांबा मामा. साहेब बसतायत." कापडाखालून खुदकन हसू आलं आणि मग मामा हलले नाहीत. पट्टी बांधून झाल्यावर मी म्हटलं, "साहेब बसले. चला." ते उठले.

पट्टी निघाली तशी स्वारी थेट तबेल्यात. रेशमासमोर उभे राहिले आणि बघतच राहिले. पांढरी शुभ्र म्हणून मिरवलेल्या घोडीच्या अंगभर तपकिरी ठिपके, ओठांवर पिकले केस, डोळ्यांवर खळगे. "अगं बाई, तू तर म्हातारी झालीस की!" रेशमानेही या बिनगॉगलच्या माणसाकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकली. मग आवाज ओळखून पुढे आली आणि चण्याच्या डाळीसाठी त्यांचा खिसा हुंगू लागली. भाभी म्हणाली, "दोनों ने एक-दूसरे का असली मुंह आज देखा." त्यानंतर मामांनी गॉगल घातला नाही. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या वाटेवरच्या एका पाड्यावर मामांच्या ओळखीचं घर होतं. तिथे ते रेशमाला घेऊन राहायला गेले. सवड मिळाली की मी जायची. भिंग काढलेल्या डोळ्याला जवळचं धूसर आणि लांबचं बरं दिसतं. त्यामुळे रेशमा बांधावर उभी राहून तासन्‌तास भातखाचरांपलीकडे बघत बसायची. मामा म्हणायचे, "इतके साहेब वाहिले, एकाचं तोंड बघितलं नाही. आता बगळे तरी बघू दे." काही पावसाळे तिने बगळे बघितले. मग सीनियर म्हणाले होते तेच झालं. सूज परत आली, आणि औषधाला न जुमानता तो डोळाही मिटला. मला फार वाईट वाटलं. मामा मात्र तिचा लगाम धरून बांधावरून चालायचे आणि मोठ्याने सांगत जायचे, "उजवीकडे दोन बगळे. एक उडाला."

शेवटी तिचं पोट फिरलं, आतड्याला पीळ बसला, म्हातारपणी घोड्यांचं होतं तसं. मी पोचले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं, वेदना थांबवणं सोडून. मामांना मी तसं सांगितलं. त्यांनी मानेनेच हो म्हटलं. मी इंजेक्शन भरलं, तशी ती आडव्या पडल्या जागी मान उचलायला लागली, उठायला बघू लागली. मामा तिच्या कानाशी बसले. "थांब बाई. साहेब बसतायत." ती थांबली. मी इंजेक्शन दिलं. मामा तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिले, आणि तिचा श्वास सैल पडत गेला तसे अगदी हळू म्हणाले, "साहेब बसले. चल."

मामा गेल्या थंडीत गेले. पाड्यावरून भाभीला फोन आला, भाभीने मला केला. शेवटी शेवटी फार तगमग करत होते म्हणे, सारखे उठून बसायचे. मला कुणी आधी कळवलं नाही. कळवलं असतं तर मी गेले असते, कानाशी बसले असते. काय म्हणायचं ते मला माहीत होतं.